स्पीकर पेटीचे सांधे : गोंद आणि स्क्रू

स्पीकर पेटीच्या फळ्या जोडण्याच्या दोन मुख्य रीती आहेत : लाकडी गोंदाने चिकटवणे आणि स्क्रू किंवा खिळ्यांनी आवळणे. घरात एका जागी राहणाऱ्या पेटीत सांध्याचे जवळजवळ सगळे काम गोंदच करतो. स्क्रू फक्त तो वाळेपर्यंत फळ्या धरून ठेवतो. कोल्हापुरात मात्र मोठ्या पेट्या गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत फिरतात, आणि त्यांच्या सांध्याचा हिशेब वेगळा असतो.

आवाजामुळे सांध्यावर येणारा ताण वाटतो त्याहून कमी असतो. १५ इंची स्पीकरच्या कोनचे (पुढेमागे हलणाऱ्या पडद्याचे) क्षेत्रफळ साधारण ८५० चौ. सेंमी. तो ६ मिमी आत आला की अर्धा लिटर हवा दाबली जाते. १०० लिटरच्या बंद पेटीत त्याने दाब सुमारे ७०० पास्कलने वाढतो, म्हणजे ६० × ५० सेंमीच्या बाजूवर २१-२२ किलो वजनाइतका जोर पडतो. ५० हर्ट्झच्या सुरात ही ढकल-ओढ सेकंदाला ५० वेळा होते. तरीही हा जोर चारही कडांवर वाटला जातो आणि नीट लागलेल्या गोंदापुढे तो किरकोळ ठरतो. खरा प्रश्न हवा सुटण्याचा आहे. १५-१५ सेंमीवर स्क्रू मारले तरी दोन स्क्रूंच्या मधली फळी मोकळीच राहते. तिथून हवा फुसफुसते, कडा थरथरते आणि बेस पातळ होतो. गोंद सांधा सलग बंद करतो. स्पीकर बसवल्यावर खालचा सूर वाजवून सांध्याजवळ उदबत्ती धरली, तर धुराच्या हेलकाव्यावरून गळती सापडते.

पूर्वी सुतार प्राणिज सरस गरम करून वापरत. आता पांढरा पीव्हीए (पाण्यात मिसळलेला कृत्रिम) गोंद चालतो. कोणत्याही कंपनीचा असला तरी मिस्त्री त्याला फेविकॉलच म्हणतात. त्यातले पाणी लाकडात मुरले की तो घट्ट होतो, म्हणून त्याला पातळ थर आणि दाब हवा. फट भरणे हे त्याचे काम नाही. करवतीचा काप वाकडा असेल तर जास्त गोंद ओतून काही साधत नाही; रंधा मारावा किंवा इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, फट भरणारा गोंद) घ्यावे. एमडीएफची (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीची) कापलेली कड गोंद शोषून घेते, त्यामुळे आधी एक हात देऊन थोड्या वेळाने दुसरा द्यावा लागतो. सनमाईक (गुळगुळीत लॅमिनेटचा पत्रा) किंवा रंगावर हा गोंद धरत नाही. पूर्ण ताकदीसाठी सुमारे २४ तास लागतात, पावसाळ्यात त्याहूनही जास्त, आणि घाई नेमकी श्रावण-भाद्रपदातच असते.

स्क्रूची अडचण एमडीएफच्या कडेला कळते. आधी बारीक भोक पाडले नाही तर १८ मिमीची फळी थरांतून फाटते. स्क्रूच्या डोक्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग दिला, तरी काही महिन्यांनी ठिपके वर दिसू शकतात. क्लॅम्प (फळ्या दाबून धरणारे शिकंजे) पुरेसे असतील तर स्क्रू टाळलेलेच बरे. नसतील तर स्क्रू मारून, गोंद वाळल्यावर ते काढून भोके बुजवता येतात. आतल्या कोपऱ्यात रीप (लाकडाची अरुंद पट्टी) चिकटवली की गोंदाला जास्त जागा मिळते. अशी पेटी स्क्रूवाचून वर्षानुवर्षे टिकते.

अखंड सागवानाची गोष्ट निराळी. ते पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आकसते. रेषे एकमेकांना आडवे ठेवून चिकटवले तर तडकते. शिवाय ते तेलकट असल्याने सांधा थिनरने पुसून लगेच चिकटवावा लागतो.

मिरवणुकीच्या पेटीला सर्वांत जास्त त्रास बेसचा नसून हाताळणीचा होतो. ती टेम्पोतून उतरते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर एकावर एक चढते, महाद्वार रोडच्या गर्दीत हिंदकळते आणि शेवटी एका कोपऱ्यावर आपटते. अशा झटक्याने गोंदाचा सांधा उकलू लागला तर स्क्रू फळीला सुटू देत नाही. इथे १८ मिमीचा बीडब्ल्यूआर किंवा मरीन (पाण्याला टिकणारा) प्लाय, गोंद, स्क्रू आणि बाहेरून पत्र्याचे कोपरे असा सगळा सरंजाम योग्यच आहे. पावसात सापडण्याची शक्यता असेल तर एमडीएफ घेऊच नये. एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही.

जे पुन्हा उघडायचे ते कधीच चिकटवत नाहीत. स्पीकर आणि मागचे झाकण फोमची पट्टी लावून बसवतात. जड स्पीकरसाठी आतून टी-नट (लाकडात रुतणारी, आटे असलेली धातूची चकती) ठोकून त्यात बोल्ट आवळतात, कारण लाकडी स्क्रू काढून-घालून एमडीएफमधले भोक सैल होते. उकललेल्या जुन्या सांध्यात नवा पांढरा गोंद भरून स्क्रू मारणे ही सर्रास दिसणारी दुरुस्ती फसवी असते. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद नीट धरत नाही; जुना थर पटाशीने (सुताराच्या छिन्नीने) खरवडून लाकूड उघडे करावे लागते, आणि ते जमत नसेल तिथे इपॉक्सी वापरतात.