कूड की क्लब? मुंबईतल्या गोवेकर तारवटींच्या बिऱ्हाडाची पार्श्वभूमी

धोबीतलावच्या जेर महालात आणि माझगाव-डोंगरीच्या जुन्या इमारतींत गोव्याच्या गावांची नावं असलेल्या पाट्या अजून दिसतात. पाटीवर इंग्रजीत ‘क्लब ऑफ’ आणि पुढे गावाचं नाव. आत राहणारा गोवेकर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, मात्र ‘कूड’ म्हणतो. पुनर्विकासाची बोलणी निघाली की या दोन शब्दांतला फरक सभासदांच्या अंगावर येतो.

आपल्याकडे कूड म्हणजे कारवीची, शेणामातीने लिंपलेली भिंत. कोकणीत कूड म्हणजे खोली, आणि शरीरही. गावकऱ्यांनी वर्गणी काढून मुंबईत भाड्याने घेतलेली खोली, असा या शब्दाचा साधा अर्थ. जहाजावर गेलेला माणूस महिनोन्‌महिने परतायचा नाही, पण महिन्याची रक्कम भरलेली असली की त्याची जागा त्याचीच. जागा म्हणजे काय, तर भिंतीला लावलेली एक पेटी आणि रात्री अंथरायची चटई. समोर गावच्या संताचं आल्तार, म्हणजे वेदी, आणि रात्री सगळ्यांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्स चुकवणं साधी गोष्ट नव्हती. दक्षिण फ्रान्समधल्या आंतीबला आज यॉटवरची मुलं दोन नोकऱ्यांच्या मधे ‘क्रू हाऊस’मध्ये आठवड्याच्या भाड्याने राहतात. तिथे माणूस गेला की खाट दुसऱ्याची. कुडीत माणूस जायचा, पेटी राहायची.

‘क्लब’ हा शब्द पाटीला आणि पावतीला सोयीचा होता. राहणारे सतत बदलत असताना पावती कुणा एकाच्या नावाने ठेवून कसं भागणार? 1947च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940च्या पातळीवर गोठवली आणि ही सोय वरदान ठरली, कारण गरीब खलाशाला दक्षिण मुंबईत छप्पर टिकवता आलं. पण त्याच पावतीची दुसरी बाजू अशी, की भाडेकरू एक, क्लब. सभासद कितीही असोत, पुनर्विकासात खोली एकच मोजली जाते. तीस-तीस वर्षं रक्कम भरलेल्या माणसाचं नाव कुठल्याच सरकारी कागदावर नसतं. मालक म्हणतो, हे तर येऊनजाऊन राहणारे पाहुणे. हे मला पटत नाही. येऊनजाऊन राहणं हा तर तारवटीचा धंदाच आहे.

मागचा इतिहास थोडक्यात. एकोणिसाव्या शतकात आगबोटींवर बटलर, स्वयंपाकी, स्टुअर्ड म्हणून गोवेकरांना मागणी आली; डेकवर रत्नागिरीकडचे, गुजरातचे लोक, खाली इंजिनखान्यात पंजाबी आणि पठाण. भरती सारंग (खलाशांचे मुकादम), बटलर आणि दलालांच्या हातात होती, आणि नोकरीसाठी पैसे चारावे लागत. 1920मध्ये इटलीतल्या जिनोआच्या आंतरराष्ट्रीय कराराने अशी फी निषिद्ध ठरवली. इथे सरकारी भरती कार्यालय आणि क्रमाने नोकरी देणारी पाळीची यादी यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. यादीने लाच कमी झाली असेल, पण माणसं जास्त आणि बोटी कमी, त्यामुळे पाळीची वाट लांबत गेली. ती वाट पाहण्याची जागा म्हणजे कूड. गोव्यात बसून पाळी कळायची नाही.

मग एकेक धागा तुटला. 1967 ते 1975 सुएझ कालवा बंद होता, इंग्लंडची प्रवासी जहाजं त्याच सुमारास थांबली, कंटेनरच्या बोटींना माणसं थोडी लागू लागली आणि तरुण आखाताकडे वळले. 1998मध्ये कोकण रेल्वे पूर्ण होऊन गोव्याहून ये-जा सोपी झाल्यावर मुंबईत मुक्कामाची गरजही आटली.

तरी कुडी रिकाम्या नाहीत. क्रूझवर जाणारी पोरं वैद्यकीय तपासणीला, अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला चार रात्री येतात. चाकांची बॅग जुन्या पेट्यांच्या रांगेशेजारी उभी करतात. त्या पेट्यांतल्या काहींचे मालक आता गावी म्हातारे झाले आहेत, आणि महिन्याची रक्कम अजून भरतात.