गॉडचा जी कॅपिटल का?

शाळेत बाई सांगायच्या, गॉडचा जी कॅपिटल काढा, देवाला मान द्यायचा असतो. आणि त्याच पुस्तकात पुढे हिंदू गॉड्स मात्र स्मॉल जीने. तेव्हा वाटायचं साहेबाने स्वतःच्या देवाला खुर्ची दिली आणि आपल्यांना सतरंजीवर बसवलं. पण भानगड मानापेक्षा व्याकरणाची जास्त आहे, एकच देव मानणाऱ्यांच्या भाषेत गॉड हे त्याचं नावच होऊन बसलं, म्हणजे विशेषनाम, आणि अनेक देव म्हटले की ते सामान्यनाम, मग ते ग्रीकांचे असोत की आपले. गणेशाचा जी कॅपिटलच असतो की!

रोमन लोक दगडावर कोरायचे ती सगळी मोठीच अक्षरं. छोटी अक्षरं नंतर हाताने भरभर लिहिताना तयार झाली, इ.स. ८०० च्या सुमारास युरोपातला सम्राट शार्लमेन याच्या राज्यात त्यांना नीट वळण लागलं. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, आणि छोटे खालच्या, अप्पर केस लोअर केस हे तिथलंच. १७व्या-१८व्या शतकात तर इंग्रजीत वाटेल त्या नामाला कॅपिटल लावायचे, अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना बघा, पानभर कॅपिटलच. पुढे ती फॅशन गेली, विशेषनामं राहिली, त्यांच्यासोबत गॉडही राहिला.

खरी गंमत लॉर्ड या शब्दाची आहे. हिब्रूत देवाचं चार अक्षरी नाव ज्यू लोक उच्चारत नाहीत, त्याजागी 'प्रभू' अशा अर्थाचा शब्द वाचतात. म्हणून १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमध्ये जिथे ते नाव आहे तिथे लॉर्ड अख्खा कॅपिटलमध्ये, आणि साधा प्रभू असेल तिथे फक्त एल कॅपिटल. स्तोत्र ११० च्या पहिल्याच ओळीत दोन्ही आहेत, 'द लॉर्ड सेड अनटू माय लॉर्ड'. आता हे देवनागरीत लिहिलं की दोन्ही लॉर्ड सारखेच दिसतात, काय करणार, आपल्याकडे कॅपिटलच नाही! मराठी बायबलने सरळ दोन शब्द वापरले, 'परमेश्वर माझ्या प्रभूला म्हणतो', आणि प्रश्न मिटला.

देवासाठी येणाऱ्या ही-हिमचा एच कॅपिटल काढायचा हे तर त्याहून नवं. किंग जेम्समध्ये तो स्मॉलच आहे, १९व्या शतकात त्याची चलती झाली. १९८२ च्या न्यू किंग जेम्स या भाषांतराने तो कॅपिटल केला, न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या दुसऱ्या इंग्रजी बायबलने नाही केला. मुळात हिब्रू लिपीतही आपल्यासारखंच मोठं-छोटं अक्षर नाही, त्यामुळे कॅपिटल कुठे लावायचा हे भाषांतर करणाऱ्यालाच ठरवावं लागतं. त्याच स्तोत्रातला दुसरा लॉर्ड ख्रिश्चनांसाठी येशू, म्हणून त्यांच्याकडे सहसा कॅपिटल एल. ज्यूंच्या १९१७ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे स्मॉल एल आहे, कारण त्यांच्या लेखी तो कोणी माणूस आहे, देव नाही.