वकिलाची तक्रार वेगळी, केस सावरण्याचा अर्ज वेगळा

वकील फोन उचलत नाही, तारखेला येत नाही, विचारलं की "बघतो, करतो" एवढंच उत्तर. पोटगीचा किंवा घटस्फोटाचा दावा चालू असलेल्या माणसाला अशा वेळी चारही बाजूंनी एकच सल्ला मिळतो: बार कौन्सिलला तक्रार टाका. सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या एका सल्ल्यावर विसंबून हातातली मुदत घालवलेली माणसं मला फॅमिली कोर्टाच्या आवारात पुन्हा पुन्हा भेटतात, आणि प्रत्येकाला तेच समजावून सांगावं लागतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

इथे दोन गोष्टी आहेत. एक, वकिलाविरुद्ध बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणारी संस्था, यांच्याकडे करायची तक्रार. दुसरी, तुमची केस ज्या कोर्टात चालू आहे त्याच कोर्टात करायचा अर्ज: वकील बदलण्याचा, एकतर्फी (तुमच्या गैरहजेरीत झालेला) आदेश रद्द करण्याचा किंवा काढून टाकलेला दावा पुन्हा दाखल करून घेण्याचा. दोन्ही एकाच वेळी करता येतात. पण एकीचं काम दुसरी करत नाही.

तक्रारीबद्दल बहुतेकांना माहिती असते, म्हणून थोडक्यात. अधिवक्ता कायदा 1961 च्या कलम 35 खाली ती जाते. कौन्सिलला प्रथमदर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे सोपवलं जातं. समिती वकिलाला ताकीद देऊ शकते, काही काळ सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करू शकते, नाव कायमचं काढून टाकू शकते किंवा तक्रार फेटाळू शकते. हे काम एका वर्षात संपवायचं, नाहीतर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं, असं कलम 36 ब सांगतं. निर्णय पटला नाही तर 60 दिवसांत अपील. अर्ज, प्रतिज्ञापत्र, फी, प्रती किती लागतात हे सगळं कौन्सिलच्या कार्यालयात कळतं, त्यावर डोकं शिणवायची गरज नाही.

आता मुद्द्याचं. वर समितीच्या हातातल्या ज्या गोष्टी सांगितल्या, त्यात तुमची केस कुठेच नाही. समिती तुमच्या न्यायाधीशांना पत्र लिहीत नाही, तुमच्याविरुद्ध झालेला हुकूम थांबवत नाही, तुमची हुकलेली तारीख परत देत नाही. वकिलाची सनद उद्या रद्द झाली तरी तुमच्याविरुद्धचा एकतर्फी निकाल जसाच्या तसा उभा राहतो. आणि तक्रार पडून असताना कोर्टातल्या मुदती एक दिवसही थांबत नाहीत.

नेहमी दिसणारा प्रकार घ्या. नवऱ्याने घटस्फोटाचा दावा केला. बायकोने वकील दिला, वकीलपत्र (वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद) दाखल झालं, फी दिली. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत द्यायची असते. वकिलाने ती दिलीच नाही. रोजनाम्यावर (प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टातली नोंद) कैफियतीविना पुढे जाण्याचा आदेश झाला, मग दावा एकतर्फी चालला. बाईंना यातलं काही माहीत नाही, कारण त्यांना फोनवर "पुढची तारीख पडली" एवढंच सांगितलं जात होतं.

निकाल लागायच्या आधी हे लक्षात आलं तर गोष्ट अजून सोपी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 7 खाली अर्ज करून, गैरहजेरीचं कारण पटवून पुन्हा बाजू मांडता येते. निकाल लागून गेला असेल तर नियम 13 चा अर्ज, आणि त्याला मुदत 30 दिवस. दावा तुम्हीच केलेला असेल आणि गैरहजेरीमुळे काढून टाकला असेल तर नियम 9 खाली पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज, त्यालाही 30 दिवस. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 125 ची पोटगी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 मध्ये आहे. तिथे एकतर्फी आदेश झाला तर तो रद्द करून घ्यायला तीन महिने मिळतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या आदेशावर सत्र न्यायालयात अपील, 30 दिवसांत. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, पण मग प्रत्येक दिवसाचा हिशेब द्यावा लागतो.

घटस्फोटाच्या बाबतीत एक धोका जास्तीचा आहे, तो लोकांच्या ध्यानात येत नाही. हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालावर अपिलाची मुदत 90 दिवसांची. ती अपिलाविना उलटली की समोरचा माणूस दुसरं लग्न करायला मोकळा. तुम्ही बार कौन्सिलच्या नोटिसीची वाट पाहत बसलात आणि तिकडे लग्न लागलं, तर नंतर निकाल उलटवण्याची लढाई कितीतरी अवघड होते, कारण आता त्यात तिसरं माणूस आलेलं असतं.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा: आधी कोर्टातला अर्ज, मग तक्रार. तक्रारीचा कोर्टात अजिबात उपयोग नाही असंही नाही. उशीर माफ करण्याच्या अर्जासोबत तिची पोच जोडली तर तुम्ही गप्प बसला नव्हता हे दिसतं. पण ती जोडपत्र म्हणून. अर्जाची जागा ती घेत नाही.

"चूक वकिलाची, शिक्षा मला का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या निकालात वकिलाच्या निष्काळजीपणाची झळ निष्पाप पक्षकाराला लागू नये असं म्हटलं होतं. लोक हा निकाल फार भरवशाने सांगतात. पण 1993 मध्ये सलील दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की वकिलावर बोट दाखवलं की निकाल रद्द होतो असा काही सरसकट नियम नाही. प्रत्येक प्रकरणात पक्षकाराने स्वतः किती लक्ष घातलं ते पाहिलं जातं. कौटुंबिक न्यायालयात तर हे आणखी बारकाईने पाहिलं जातं, कारण तिथे पक्षकाराने स्वतः हजर राहावं अशीच अपेक्षा असते. तेव्हा वकिलाला केलेले फोन, पाठवलेले मेसेज, फीच्या पावत्या, तुम्ही कोणत्या तारखांना कोर्टात होता, हे तारीखवार मांडा. नुसतं "वकिलाने फसवलं" लिहिलेला अर्ज टिकत नाही.

दुसरा गोंधळ एनओसीचा, म्हणजे जुन्या वकिलाच्या "हरकत नाही" अशा लेखी संमतीचा. "जुन्या वकिलाची एनओसी मिळाल्याशिवाय नवीन वकील उभा राहू शकत नाही" हे वाक्य मला अतिशय खटकतं. ते अर्धसत्य आहे आणि त्याच्या जोरावर लोकांकडून पैसे उकळले जातात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला नियम 39 असा आहे: आधीच्या वकिलाची संमती घ्यावी, आणि ती मिळत नसेल तर नवीन वकिलाने कारण सांगून कोर्टाची परवानगी मागावी. म्हणजे शेवटचा शब्द कोर्टाचा. जुन्या वकिलाने एनओसी अडवली तर नवीन वकिलाने तसा अर्ज द्यायचा. बार कौन्सिलकडून एनओसी मिळवून घेऊ, तोवर थांबू, असं म्हणणारे पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात.

इथेच एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. "तुम्ही आता माझे वकील नाही" असा व्हॉट्सअॅप मेसेज पाठवला म्हणजे वकील बदलला असं होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 3 नियम 4 नुसार वकीलपत्र कोर्टाच्या परवानगीने, लेखी कागद दाखल करून संपतं. तोपर्यंत रेकॉर्डवर तेच वकील असतात, आणि नियम 5 प्रमाणे त्यांच्यावर बजावलेली नोटीस तुम्हाला कळली असं धरलं जातं. मनाने सोडून दिलेला, पण कागदावर कायम असलेला वकील हा सगळ्यात घातक. भांडण झालं त्याच आठवड्यात पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) किंवा अर्ज देऊन नाव कमी करून घ्या.

फाइल अडवून ठेवली असेल तर आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा हा 2000 सालचा निकाल लक्षात ठेवा. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद दाबून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलं. फीचा वाद असेल तर तो वेगळा मांडावा. तरीही फाइलसाठी अडून बसू नका. कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची नक्कल अर्ज करून मिळते, आणि नव्या वकिलाचं काम बहुतेक वेळा त्यावर सुरू होतं.

ग्राहक मंचाचा विषय एका परिच्छेदात संपवते. 14 मे 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. त्याआधीचे, 2007 मधल्या राष्ट्रीय आयोगाच्या निकालावर आधारलेले लेख अजूनही फिरतात आणि लोक त्यावरून ग्राहक मंचात जायला निघतात. जाऊ नका. निष्काळजीपणामुळे खरोखर नुकसान झालं असेल तर दिवाणी न्यायालयात भरपाईचा दावा करता येतो. वकील आहे म्हणून त्यातून सुटका नाही, हे 1926 च्या वकील फी कायद्याच्या कलम 5 मध्येच आहे. पैसे परत हवे असतील तर तो रस्ता. बार कौन्सिल हा वसुलीचा दरवाजा नाही.

आणि तक्रार करायचीच असेल तर कशाची, तेही नीट ठरवा. 1983 मध्ये महाराष्ट्रातल्याच खांडेकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हेतू वाईट नसताना झालेला नुसता हलगर्जीपणा म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन नव्हे. फोन न उचलणं, चिडून बोलणं, ज्युनिअरला पाठवणं यावर समितीकडून फार अपेक्षा ठेवू नये. खोट्या तारखा सांगणं, पैसे घेऊन अर्जच दाखल न करणं, कागद अडवणं, समोरच्या बाजूला सामील होणं, हे गंभीर. तक्रारीत तेच पुराव्यासह पुढे ठेवा, बाकीचं गाळा.

फोन न उचलणारा प्रत्येक वकील काम बुडवतोच असंही नाही. दिवसभर कोर्टात उभा असलेला माणूस फोन घेत नाही. संशय आला की भांडायच्या आधी ईकोर्ट्सच्या (कोर्टांच्या सरकारी) अॅपवर आपला सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा अक्षरं आणि अंक मिळून सोळा खुणांचा क्रमांक, टाका. पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, आदेश, सगळं तिथे दिसतं. तिथे वकिलाची हजेरी आणि दाखल झालेले अर्ज दिसत असतील तर वकील बदलू नका, बोलण्याची वेळ ठरवून घ्या. वकील बदलण्यात पैसे आणि तारखा दोन्ही जातात.

तारखेला वकील आलाच नाही तर बाहेर बाकावर रडत बसू नका. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 च्या कलम 13 प्रमाणे या कोर्टात वकील हा पक्षकाराचा हक्क म्हणून नसतोच. ही कोर्टं पक्षकाराने स्वतः बोलावं अशा विचाराने उभी केली आहेत. पुकारा झाला की आत जा, वकील आलेले नाहीत हे सांगा, साध्या मराठीत हाताने लिहिलेला मुदतीचा अर्ज द्या. त्यामुळे रोजनाम्यावर तुमची हजेरी लागते, आणि पुढे एकतर्फी आदेश रद्द करायची वेळ आली तर हीच हजेरी तुमच्या बाजूने बोलते.

नवीन वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100. त्या वकिलाबद्दलही अशीच अडचण आली तर मात्र आधी प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. नेमणूक त्यांनी केलेली असते, आणि दुसरा वकील नेमून देणंही त्यांच्याच हातात असतं. तोपर्यंतच्या तारखांना तुम्ही स्वतः हजर राहा.