कॉफीची हातसाधने

विजेच्या यंत्राशिवाय, हाताने पाणी ओतून, मुरवून किंवा दाबून कॉफी करण्याच्या साधनांना कॉफीची हातसाधने म्हणता येईल. ड्रिपर (कागदी गाळणी घालून वरून पाणी ओतायचे नरसाळे), फ्रेंच प्रेस, एअरोप्रेस, मोका पॉट, सायफन आणि इब्रिक (तुर्की कॉफीचे लांब दांड्याचे छोटे भांडे) ही त्यांतली मुख्य भांडी. ग्राइंडर, किटली, वजनकाटा आणि फिल्टर पेपर हा त्यांचा सरंजाम. यंत्र असले की पाणी किती तापवायचे, किती सोडायचे आणि किती वेळ ठेवायचे हे यंत्र ठरवते. इथे ते सगळे करणाऱ्याकडे येते. म्हणून एकाच पिशवीतल्या बिया घेऊन दोघांनी केलेली कॉफी दोन चवींची निघते. साधने घेताना बहुतेक जण आधी भांडे पसंत करतात आणि ग्राइंडर उरलेल्या पैशांत बसवतात. हा क्रम उलटा हवा. का, ते कॉफी पाण्यात कशी उतरते हे पाहिले की कळते.

पाण्यात काय उतरते

भाजलेल्या कॉफीच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकी सगळा चोथा. हा ३० टक्केही पुरता काढायचा नसतो. आंबट चवीची द्रव्ये आधी सुटतात, गोडवा त्यांच्या मागून येतो, आणि कडू-तुरट द्रव्ये रेंगाळत शेवटी येतात. लवकर थांबले तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, फार ताणले तर तोंड तुरट होऊन कोरडे पडते. संशोधक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत कॉफीचा जो आलेख मांडला, त्यात पुडीच्या वजनाचा १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरणे चांगले मानले आहे, आणि तयार कॉफीत विरघळलेल्या द्रव्याचे प्रमाण १.१५ ते १.३५ टक्के. म्हणजे कपातले साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक नुसते पाणी असते.

या आलेखाने दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवल्या, आणि तेच त्याचे मोठेपण. पुडीतून किती उतरले ही एक गोष्ट, कॉफी किती कडक झाली ही दुसरी. कॉफी पाणचट आणि आंबट लागली की हात आपोआप पुडीच्या डब्याकडे जातो. पूड वाढवली की कॉफी कडक होते खरी, पण तेवढ्याच पाण्याला जास्त पूड भिजवायची असल्याने प्रत्येक कणातून कमीच उतरते, आणि आंबटपणा होता त्याहून टोचतो. त्या वेळी पूड वाढवायची नसते, बारीक दळायची असते.

ग्राइंडर

दळणे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर कणांच्या आकारात आहे. पाणी कणात बाहेरून आत शिरते. बारीक कणाचा सारा अर्क मिनिटभरात निघून जातो, जाड कणाचा गाभा चार मिनिटांनंतरही तसाच राहतो. पुडीत दोन्ही सरमिसळ असतील तर बारीक कण कडू होतात आणि जाड कण आंबट राहतात. एकाच घोटात दोन्ही दोष येतात आणि ते कोणत्याही भांड्याने सुधारत नाहीत. फिरत्या पात्यांच्या मिक्सरसारख्या ग्राइंडरमध्ये नेमके हेच होते: पाते बिया वाटेल तसे तोडते, मग एका टोकाला पीठ आणि दुसऱ्या टोकाला रवाळ तुकडे. बर ग्राइंडरमध्ये दोन दातेरी चकत्या किंवा शंकूची जोडी असते, आणि बी त्यांच्यामधल्या फटीतून गेल्याशिवाय खाली पडत नाही. फट ठरली की कणाचा आकार ठरला. थोडे पीठ तिथेही निघतेच, पण ते आटोक्यात राहते.

एक-दोन कप करणाऱ्याला हातग्राइंडर पुरतो. घेताना एक चाचणी जरूर करावी. दांडा काढून मधली सळई चिमटीत धरायची आणि आडवी हलवायची. ती लटपटली तर आतला बरही दळताना लटपटणार, फट क्षणोक्षणी बदलणार, आणि जाड दळणात तर हा दोष फारच बोचतो. सळई वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंगमध्ये बसवलेली असली की ती जागची हलत नाही. पोलादी बर सिरॅमिकपेक्षा सहसा लवकर दळतो. हलक्या भाजलेल्या बिया कडक असतात, तिथे हा फरक मनगटाला जाणवतो. आकार बदलण्याच्या चकतीला स्पष्ट टकटक खाचा असाव्यात, म्हणजे आज ‘अठरा खाचा’ म्हणून लिहून ठेवलेले उद्या पुन्हा तसेच जमते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब चोळला तर स्थिर वीज कमी होते आणि पूड भांड्याला चिकटत नाही.

मुरवणे आणि ओतणे

भांडी वरवर कितीही निराळी दिसोत, निवडताना दोन प्रश्न पुरतात. पाणी पुडीबरोबर थांबते की पुडीतून निघून जाते? आणि शेवटी चोथा अडवतो कोण: कागद, जाळी, कापड की कोणीच नाही?

थांबणाऱ्या पाण्यात कॉफी मुरते. पाणी जसजसे अर्काने भरते तसतसे ते पुडीतून कमी ओढून घेते, आणि काम आपोआप मंदावते. म्हणून मुरवण्याची भांडी चुका पोटात घालतात. अर्धे मिनिट इकडे-तिकडे झाले तरी बिघडत नाही. ओतण्याच्या पद्धतीत पुडीला सतत ताजे पाणी मिळते. ते भराभर ओढते, स्वाद जास्त सुटसुटीत येतो, पण धार कशी पडली, पाण्याने कुठून वाट काढली, याचा हिशेब लगेच कपात दिसतो. सकाळी घाईत असणाऱ्याने मुरवण्याचे भांडे घ्यावे आणि त्याबद्दल मुळीच कमीपणा मानू नये.

कागद तेल आणि बारीक गाळ अडवतो, त्यामुळे कॉफी नितळ होते. कॅफेस्टॉल हे कॉफीच्या तेलातले द्रव्य रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवते, आणि कागद त्याचाही बराचसा भाग अडवतो. न गाळलेली कॉफी रोज भरपूर पिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. जाळीतून तेल आणि गाळ दोन्ही उतरतात, कॉफी जिभेवर भरीव लागते. कापड या दोहोंच्या मधले, पण ते धुऊन ओले आणि थंड ठेवावे लागते, नाहीतर त्याला कुबट वास धरतो.

ड्रिपर

कागदी गाळणीचा शोध १९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरी मेलिटा बेंट्झ यांनी लावला. कॉफीतल्या गाळाला कंटाळून त्यांनी पितळी भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला. त्याच वर्षी त्यांनी पेटंट कार्यालयात नोंदणी करून स्वतःची कंपनी सुरू केली. मेलिटाच्या पुढच्या ड्रिपरांचा तळ निमुळता पण चपटा आणि भोक बारीक असते. पाण्याचा वेग भोकच ठरवते, ओतणाऱ्यावर फारसा भार नसतो. जपानच्या हारिओ कंपनीचा व्ही६० याच्या उलट. ६० अंशांचा शंकू, आत वळत जाणाऱ्या कडा आणि तळाला एकच मोठे भोक. तिथे पाण्याला अडवणारे भोक नाही. पुडीची जाडी आणि हाताची धारच वेग ठरवतात. कलिटा वेव्ह या ड्रिपरचा तळ सपाट आणि भोके तीन, त्यामुळे थर एकसारखा भिजतो आणि नवशिक्याला ते जास्त साथ देते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ पीटर श्लुमबोम यांनी १९४१ साली अमेरिकेत आणलेले केमेक्स म्हणजे प्रयोगशाळेतला चंबू आणि नरसाळे एकत्र केलेले काचपात्र. त्याचा कागद इतरांपेक्षा जाड असतो, म्हणून कॉफी फार नितळ होते आणि वेळही जास्त लागतो.

ड्रिपर कशाचा आहे याला दिसण्यापलीकडे अर्थ आहे. सिरॅमिक जड असते आणि आधी नीट तापवले नाही तर पाण्याची उष्णता स्वतःच गिळते. साधा प्लॅस्टिकचा ड्रिपर उष्णता फार कमी खातो, फुटत नाही, आणि पहिला ड्रिपर म्हणून तोच घ्यावा. मात्र त्याला लागणारा कागद सहज मिळेल याची आधी खात्री करावी. शंकूचा, निमुळता आणि सपाट तळाचा कागद एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि कागदावाचून ड्रिपर नुसता फळीवर बसतो.

एक कप असा होतो. कागद ड्रिपरमध्ये बसवून गरम पाण्याने भिजवायचा आणि ते पाणी फेकून द्यायचे. कागदी वास जातो, भांडे तापते. १५ ग्रॅम पूड घालून हलकेच थोपटून सपाट करायची, खालचे भांडे वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. आता ४५ ग्रॅम पाणी, सगळी पूड भिजेल असे. पूड ताजी असेल तर ती डोळ्यांदेखत फुगते, घुमटासारखी वर येते, बुडबुडे फुटतात. भाजताना बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड तो. तो निघून गेल्याखेरीज पाणी आत नीट शिरत नाही, म्हणून ३० ते ४५ सेकंद थांबायचे. बिया महिनोन्‌महिने जुन्या असतील तर पूड नुसती ओली होते, हलत नाही. मग मध्यापासून बाहेर आणि पुन्हा मध्याकडे संथ गोल धार, काट्यावर २५० ग्रॅम दिसेपर्यंत, दोन-तीन टप्प्यांत. तीन मिनिटांच्या आसपास पाणी निथळलेले असावे. कपात २२० ग्रॅमच मिळतात. चोथा आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो.

नंतर चोथा टाकण्याआधी त्याच्याकडे एकदा बघावे. थर सपाट असेल तर पाणी सगळीकडून सारखे गेले. एका बाजूला खळगा असेल तर त्या बाजूने ते पळाले. वर चिखलासारखा थर बसला आणि पाणी पाच मिनिटे तुंबले तर पूड फार बारीक होती किंवा धार फार जोरात पडून बारीक कण कागदावर जाऊन बसले. २०१६ साली वर्ल्ड ब्रूअर्स कप ही हाताने कॉफी करण्याची जागतिक स्पर्धा जिंकणारे जपानचे तेत्सू कासुया यांची ‘४:६’ पद्धत पाणी टप्प्यांनी ओतण्याच्या हिशेबावर उभी आहे: पहिल्या ४० टक्के पाण्याने आंबट-गोड तोल साधायचा, उरलेल्या ६० टक्क्यांचे किती भाग करायचे त्यावर कडकपणा ठरवायचा.

इतर भांडी

फ्रेंच प्रेस म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेले मुरवण्याचे भांडे. त्यात ५०० ग्रॅम पाण्याला ३० ग्रॅम पूड घेतात. चार मिनिटांनी वर जाड थर जमतो, तो चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि आणखी काही मिनिटे थांबायचे, म्हणजे गाळ खाली बसतो. दट्ट्या तळापर्यंत दाबू नये. तो पाण्याच्या वरच्या पातळीवर गाळणीसारखा धरला की पुरे. जोरात दाबला की बसलेला गाळ पुन्हा उठतो आणि लोक त्याबद्दल भांड्याला दोष देतात.

एअरोप्रेस अमेरिकन अभियंता अ‍ॅलन अ‍ॅडलर यांनी २००५ साली बाजारात आणला. प्लॅस्टिकची नळी, दट्ट्या आणि कागदाची चकती, एवढाच तो. थोडे मुरवणे, मग हाताने दाबणे. अ‍ॅडलर यांनी स्वतः ८० अंशांच्या आसपासचे पाणी सुचवले होते. हलक्या भाजणीला मात्र त्याहून गरम पाणी सोसते आणि शोभते. प्रवासात याच्याइतके सोयीचे साधन नाही. उलटे धरून करण्याची पद्धत लोकप्रिय आहे, पण उकळते पाणी हातावर सांडण्याचा धोका त्यात खरोखर आहे.

मोका पॉट १९३३ साली इटलीतल्या अल्फोन्सो बियालेत्ती यांनी आणला. खालच्या भांड्यातली वाफ पाण्याला पुडीतून वर ढकलते. दाब एक-दोन बारच्या आसपास असतो, यंत्राच्या दाबाने काढतात त्या एस्प्रेसोला नऊ लागतात. तेव्हा ही कॉफी कडक असली तरी एस्प्रेसो नव्हे. पाणी सेफ्टी व्हॉल्व्हच्या खालीच भरायचे, पूड सपाट करायची पण ठासायची नाही, आच मंद ठेवायची, आणि फुरफुर आवाज सुरू झाला की लगेच उतरवायचे. त्या फुरफुरीनंतर जे येते ते जळके पाणी. सहा कपांच्या मोकात दोन कप नीट होत नाहीत, म्हणून घरात रोज पिणारी माणसे मोजूनच माप घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमचा मोका इंडक्शनवर तापत नाही.

सायफनमध्ये खालच्या काचेच्या गोळ्यातले पाणी वाफेच्या दाबाने वर जाते, आणि आच काढल्यावर निर्वाताने कॉफी गाळली जाऊन खाली ओढली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनचे हे साधन बघायला सुंदर आहे, धुवायला किचकट. इब्रिकमध्ये पिठाइतकी बारीक पूड न गाळता उकळीच्या काठावर आणतात.

पाणी, किटली, काटा

पाणी ९० ते ९६ अंश हा साधारण पट्टा. हलक्या भाजलेल्या बियांना नुकतेच उकळलेले, गडद बियांना ८५ ते ९०. उंच ठिकाणी दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश लवकर उकळते, तिथे उकळते पाणी सरळ वापरावे. पाण्यातली खनिजे हा दुर्लक्षित भाग आहे. शुद्ध डिस्टिल्ड पाण्यात कॉफी बोथट आणि आंबट होते, फार क्षार असलेल्या जड पाण्यातला बायकार्बोनेट आंबटपणा मारून टाकतो आणि चव सपाट होते. बारीक, वळणदार तोटीची किटली ड्रिपरसाठीच हवी. बाकी भांड्यांना कोणतीही चालते. काटा मात्र सगळ्यांना हवा, ०.१ ग्रॅम दाखवणारा. चमच्याच्या मापात गडद आणि हलक्या भाजणीची पूड एकाच वजनाची कधी भरत नाही, कारण गडद बिया फुगलेल्या आणि हलक्या असतात.

निगा

कॉफीचे तेल जाळीत आणि बरमध्ये साचून खवट होते, आणि तो वास नव्या पुडीलाही लागतो. फ्रेंच प्रेसची जाळी दर वेळी सुटी करून साबणाने धुवावी. पोलादी बर पाण्यात घालू नये, गंजतो. कोरड्या ब्रशने झाडावा. एअरोप्रेसचा दट्ट्या नळीत अडकवून ठेवला की त्याचे रबर दबून सैल पडते, म्हणून तो बाहेर काढून ठेवावा. मोका पॉटचा रबरी वायसर कडक होऊन जोडातून वाफ निसटू लागली की तो बदलावा, आणि त्याच वेळी सेफ्टी व्हॉल्व्हची पिन बोटाने आत-बाहेर हलते का ते पाहावे. ती क्षारांनी घट्ट बसली असेल तर व्हॉल्व्ह मोकळा होईपर्यंत ते भांडे आचेवर चढवू नये.