शरणपूर ते देवळाली: जुन्या कबरींना वारस कोण?

रामकुंडात अस्थी विरघळल्या की माणसाचं नाशिकमधलं काम संपतं. मागे उरतं ते तीर्थोपाध्यायांच्या वहीतलं नाव. गाव कोणतं, आजा-पणजा कोण, कोण कोणासाठी येऊन गेलं एवढं त्या वहीत असतं. दगड नाही, पाटी नाही. अर्थात सगळ्यांचंच असं नाही. गोसावी समाधी देतात, लिंगायत दफन करतात, मुसलमानांची कब्रस्तानं आहेत. तरी गावाचा एकूण स्वभाव पाण्यात सोडून देण्याचा आहे. अशा गावात दगडावर नाव कोरून ठेवणारी माणसं आली आणि काही पिढ्यांत त्यांचे वारस निघूनही गेले. जुन्या ख्रिस्ती दफनभूमी साफ करायला निघालेल्यांना हा पेच आधी समजून घ्यावा लागतो.

पेशवाई बुडाली त्या 1818 साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला. 1832 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला ठाणं मांडलं आणि 1854 मध्ये गावाबाहेर पश्चिमेला शरणपूर वसवलं. शरण आलेल्यांचं गाव ते शरणपूर. धर्मांतर केल्यावर घरादाराला मुकलेल्यांसाठी शेती, शाळा, सुतारकाम आणि लोहारकाम अशी तिथे सोय होती. या वसाहतीमागे विल्यम सॉल्टर प्राइस हे मिशनरी होते. 1860 च्या सुमारास तिथे आणखी एक वेगळीच मंडळी आली. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून इंग्रजी आरमार जी आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत असे, त्यांतली बरीचशी शरणपूरच्या आश्रमात वाढली. 1874-75 मध्ये प्राइस पूर्व आफ्रिकेतल्या मोम्बासाला गेले, तिथे सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभी राहिली आणि शरणपूरचा आफ्रिकन आश्रम मिटला. आज शरणपूर रोडवरच्या सिग्नलला थांबणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असेल?

याच शाळेतला आफ्रिकन मुलगा जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या आफ्रिकेतल्या शोधमोहिमेत गेला. 1873 च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन वारला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथेच एका झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकबने आणि झाडाच्या खोडावर अक्षरंही त्यानेच कोरली. मग मिठाने आणि उन्हाने सुकवलेला देह घेऊन ही मंडळी सुमारे नऊ महिने चालत किनाऱ्याला पोचली. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला मान देणाऱ्यांत जेकब होता. झाड पुढे मोडकळीला आलं तेव्हा अक्षरांचा तो तुकडा कापून लंडनला नेला आणि त्या जागी दगडी स्तंभ उभारला. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या पोराने कोरलेला मृत्युलेख लंडनमध्ये जपून ठेवला आहे.

देवळालीची गोष्ट निराळी. थळ घाटातून रेल्वे 1865 मध्ये इगतपुरीपर्यंत आली आणि त्याच दशकात देवळालीला लष्करी छावणी पडली. मायदेशातून आलेले आणि परतीच्या जहाजाची वाट पाहणारे गोरे शिपाई इथे मुक्कामाला असत. बोट हिवाळ्यातच मिळे. तोवर पटकी, विषमज्वर, ऊन आणि कंटाळा. वेड लागण्याला इंग्रजीत रूढ झालेला ‘डूलॅली’ हा शब्द देवळालीवरूनच आला. छावणीत मेलेल्यांच्या कबरींवर फुलं वाहायला जवळचं माणूस क्वचितच आलं असणार. पलटणीच हलत्या, तिथे वारस कुठून थांबणार!

1947 नंतर युरोपीय दफनभूमींची जबाबदारी ब्रिटिश उच्चायुक्तालयाकडे आली. शेकडो जागा आणि तुटपुंजा पैसा, तेव्हा अनेक जागा झाडाझुडपांच्या हवाली करायचं ठरलं. युद्धात मेलेल्यांचं नशीब त्यातल्या त्यात बरं. 1917 मध्ये स्थापन झालेल्या वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने पहिल्या महायुद्धातल्या ज्या कबरी जागेवर सांभाळणं शक्य नव्हतं, त्यांतल्या 1,800 हून अधिक सैनिकांची नावं पुण्यात खडकीच्या स्मारकावर कोरली. शांततेच्या काळात तापाने गेलेला शिपाई किंवा रेल्वेच्या फोरमनची तान्ही मुलगी कोणत्याच यादीत बसत नव्हती.

ही पोकळी स्वयंसेवकांनी भरायला घेतली. 1975 मध्ये लंडनच्या हायगेट दफनभूमीसाठी मित्रमंडळ उभं राहिलं. पुढच्याच वर्षी थिऑन विल्किन्सन यांनी दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी ‘बॅक्सा’ ही संस्था काढली. तिची रीत मला शहाणपणाची वाटते. स्थानिक लोक काम अंगावर घेणार असतील तर थोडा पैसा द्यायचा आणि कबरींवरचे लेख नोंदवून ठेवायचे. 1767 मध्ये सुरू झालेल्या कोलकात्याच्या साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीची डागडुजी अशाच मदतीतून पुढे सरकली.

आपल्याकडे हे बाहेरून आलेलं खूळ आहे, असं मात्र कोणी म्हणू नये. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ख्रिस्ती घरं कबरी धुऊन मेणबत्त्या लावतात. शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानांत गवत काढलं जातं. रविवारी गडावर जाऊन टाकी उपसणाऱ्या पोरांना श्रमदान शिकवावं लागत नाही. नवं आहे ते इतकंच, की दुसऱ्याच्या पूर्वजांसाठी घाम गाळायचा.

उत्साहाने होणारं नुकसान मात्र भारी. संगमरवरी पाटी चमकावी म्हणून कोणी ॲसिड ओततं आणि दगडाबरोबर अक्षरंही विरघळतात. तारेच्या ब्रशनेही तेच होतं. साधं पाणी, मऊ ब्रश आणि धीर पुरतो. फुटलेल्या चौथऱ्याला सिमेंट फासलं की आत अडकलेलं पाणी क्षारांसकट बाहेर पडू बघतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच हवा. पिंपळ-उंबराचं रोप उपटलं तर सांधाच उकलतो, म्हणून ते कापून मूळ जागच्या जागी मारतात. घाणेरी आणि गाजरगवत यांना दया नको, पण हातमोजे घालावेत आणि सापाचा विचार आधी करावा. अक्षरं पुसट असतील तर खडूने गिरवू नयेत. संध्याकाळी बॅटरीचा झोत बाजूने टाकला की सावलीत नाव उमटतं. शिशाची अक्षरं आणि लोखंडी कठडे बहुतेक ठिकाणी भंगारात गेलेले असतात, मग उरलेल्या भोकांच्या ओळीवरून शब्द लावायचे.

शब्द लागलाच नाही तरी वाट बंद होत नाही. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींची एक प्रत लंडनला जात असे आणि ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. रामकुंडावरच्या वहीची ही लांबची भावंडच म्हणायची. म्हणून कोयत्याआधी वही काढायची, रांग आणि कबर यांना क्रमांक द्यायचे, फोटो घ्यायचे आणि चर्चची किंवा छावणी मंडळाची लेखी परवानगी खिशात ठेवायची. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात गवत कमरेला लागलेलं असतं. 2 नोव्हेंबरपर्यंत हातात तीन-चारच रविवार उरतात.