इंग्रजी साहित्य आणि इस्लामी दृष्टी : पार्श्वभूमी

१८३५ च्या इंग्रजी शिक्षणाच्या निर्णयाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले, तेव्हा इंग्रजीकडे नोकरी-वकिलीचे दार म्हणूनच पाहिले जाई. ती भाषा येताना कोणती जीवनदृष्टी घेऊन येते, हा प्रश्न ठामपणे मांडला गेला तो १९७७ मध्ये, मक्केच्या जागतिक मुस्लिम शिक्षण परिषदेत. संयोजकांपैकी एक जण मूळचे बंगालचे, इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. परिषदेने ज्ञानाचे दोन भाग मानले : ईश्वरदत्त आणि मानवार्जित. साहित्य दुसऱ्या भागात गेले. म्हणजे ते शिकायचे, पण श्रद्धेच्या कसोटीवर घासून. पुढे इस्लामाबाद (१९८०) आणि क्वालालंपूर (१९८३) इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठे निघाली आणि कसोटीचा अर्थ वर्गात ठरवायची वेळ आली.

खरा वाद तिथे झाला. मद्य, व्यभिचार किंवा धर्मनिंदा असलेली पुस्तके वगळायची, की ठेवून प्रश्न विचारायचे? वगळणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. सोळाव्या शतकातला इंग्रज नाटककार मार्लो याच्या नाटकातला तैमूर रंगमंचावर कुराण जाळतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना तो प्रसंग नुसता ‘कलाकृती’ म्हणून वाचायला सांगणे सोपे नाही. तरीही मला वगळण्याचा मार्ग चुकीचा वाटतो. डॅनियल डिफोची ‘रॉबिन्सन क्रूसो’ (१७१९) ही कादंबरीच घ्या. मूर लोकांच्या, म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांच्या, गुलामीतून क्रूसो निसटतो तो झुरी नावाच्या मूर पोराला बरोबर घेऊन, आणि नंतर त्यालाच एका पोर्तुगीज कप्तानाला साठ नाण्यांना विकतो. अट अशी की, पोराने ख्रिस्ती धर्म घेतला तर दहा वर्षांनी त्याला मोकळे करायचे. पुस्तक काढून टाकले की झुरीही जातो. उलट, शेजारी अरबी तत्त्वज्ञ इब्न तुफैलची बाराव्या शतकातली कथा ठेवावी. तिच्यात निर्जन बेटावर एकटा वाढलेला हय्य केवळ निरीक्षण आणि चिंतनाच्या बळावर ईश्वराच्या जाणिवेपर्यंत पोचतो. तिचे थेट अरबीतून झालेले इंग्रजी भाषांतर १७०८ चे, म्हणजे क्रूसोच्या अकरा वर्षे आधीचे. प्रभाव पडला की नाही, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण दोन्ही बेटे एकत्र वाचली की, मुले झुरीबद्दल आपणहून विचारू लागतात.

मराठीत देशीवादाची, म्हणजे साहित्य आपल्याच मातीतल्या परंपरेतून जोखावे या भूमिकेची, चर्चा साधारण या विद्यापीठांच्याच काळात रंगली. दोन्हीकडे इंग्रजी शिकवणारी माणसेच पुढे होती, पण दोन्ही चर्चांची गाठ क्वचितच पडली.

२००१ नंतर मुस्लिम घरांतून आलेल्या लेखकांच्या इंग्रजी कादंबऱ्या अभ्यासक्रमांत येऊ लागल्या आणि नवा पेच पडला : लेखक मुस्लिम असला की दृष्टी इस्लामी होते का? कोल्हापुरात आता त्यात नव्या शैक्षणिक धोरणातील ‘भारतीय ज्ञान परंपरे’ची भर पडली आहे. त्या परंपरेत श्रीगोंद्याचे मराठी संतकवी शेख महंमद आणि विजापूरची दख्खनी कविता धरायची की नाही, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांना ठरवावे लागेल.