कुलूप काढायचं राहून गेलं

विमान उड्डाणासाठी निघताना वैमानिक एक साधी गोष्ट करतो. समोरचा दांडा पुढे ढकलतो, मागे ओढतो, चाक डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवतो, पायाखालची दोन्ही पेडल्स दाबून बघतो. सगळं मोकळं हलतंय ना, याची ही खात्री. दहा-पंधरा सेकंदांत होणारं काम. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड इथं, हॅन्सकम फील्ड विमानतळावर, ३१ मे २०१४च्या रात्री हे काम झालं नाही आणि गल्फस्ट्रीम जी-फोर जातीचं एक खासगी जेट सात जणांना घेऊन जळून गेलं. दोन वैमानिक, एक विमानसेविका आणि चार प्रवासी. प्रवाशांत ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ वृत्तपत्राचे सहमालक लुईस कॅट्झ होते. विमान अटलांटिक सिटीला परत निघालं होतं.

कारण ऐकलं की आधी विश्वासच बसत नाही. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्याच्या झोतांनी पंखांवरच्या आणि शेपटीवरच्या झडपा आपटू नयेत म्हणून त्या जखडून ठेवतात. त्यासाठी कॉकपिटमध्येच एक मूठ असते. तिला गस्ट लॉक म्हणतात. स्कूटरचं हँडल लॉक करतो तसंच हे. इंजिन सुरू करण्याआधी ते काढायचं, असं चेकलिस्टमध्ये लिहिलेलं असतं. त्या रात्री ते काढलंच गेलं नाही. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात चेकलिस्ट वाचल्याचा आवाज नाही. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं बघून उत्तर द्यायचं, ही देवाणघेवाणच झाली नाही.

बरं, हे दोघे नवखे असते तर गोष्ट तिथंच संपली असती. दोघेही मुरलेले वैमानिक होते. बारा वर्षं एकाच मालकाकडे, बहुतेक वेळा एकमेकांच्याच शेजारी बसून उडत होते. कधी हा कॅप्टन, कधी तो. सिम्युलेटरवरचं नियमित प्रशिक्षण झालेलं होतं. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नव्हती.

मग अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं, म्हणजे एनटीएसबीनं, विमानातल्या रेकॉर्डरवरची जुनी उड्डाणं उलगडून पाहिली. आधीच्या १७५ उड्डाणांपैकी फक्त दोन वेळा दांडा-पेडलची पूर्ण तपासणी झाली होती. उरलेल्या १७३ वेळा अर्धवट, नाहीतर अजिबातच नाही. म्हणजे ३१ मेची रात्र ही अपवादाची नव्हती, ती त्यांची रोजची रात्र होती. फरक एवढाच, की या वेळी कुलूप खरंच लागलेलं होतं.

माझ्या मते या अपघाताचा गाभा इथं आहे. एखादी पायरी गाळली आणि काही बिघडलं नाही, की मन त्याची नोंद ‘चालतं’ अशी करतं. दहाव्या वेळी ती पायरी गाळतोय हेही जाणवत नाही. शेजारी अनोळखी माणूस असता तर लाजेकाजेस्तव तरी चेकलिस्ट उघडली गेली असती. बारा वर्षांच्या दोस्तीत ‘अरे, वाच जरा’ म्हणायला उगाच अवघडल्यासारखं होतं. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात, ती इथं माणसाची नव्हती. यंत्राची आणि कागदाची होती.

आता धावपट्टीवर येऊ. जी-फोरमध्ये गस्ट लॉक लागलेलं असताना इंजिनांना पूर्ण जोर देताच येऊ नये, अशी आणखी एक तजवीज होती. पण प्रत्यक्षात ती यांत्रिक अडवणूक ढिली होती. इंजिनांचा जोर वाढवणारा थ्रॉटल जेवढा अडायला हवा, त्याच्या तीन-चार पट पुढे सरकत होता. प्रमाणपत्र देताना ही रचना आराखड्यांवरून तपासली गेली, विमानावर हात लावून नाही. त्यामुळे इंजिनांनी अपेक्षेपेक्षा कमी, तरीही विमान पळवण्याइतका जोर धरला. विमान सुमारे सात हजार फुटांच्या धावपट्टीवर सुसाट निघालं. नाक उचलायची वेळ आली, दांडा हलेना. ‘लॉक लागलंय’ असं कॅप्टन पुन्हा पुन्हा म्हणतोय, हे मुद्रणात ऐकू येतं.

आणि थांबायचं कुणीच म्हटलं नाही. बहुधा झडपा हलवणारा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाचा, दाब तोडून धावत्या विमानातच कुलूप सुटतंय का, याची खटपट चालू होती. एनटीएसबीनं हिशेब मांडला: ‘लॉक लागलंय’ हे पहिल्यांदा उच्चारल्यानंतर साधारण ११ सेकंदांपर्यंत कधीही ब्रेक लावून उड्डाण सोडलं असतं, तर विमान डांबरावरच थांबलं असतं. अकरा सेकंद. घड्याळाकडे बघत मोजून पाहा, फार मोठा वेळ आहे तो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २३५ किलोमीटरवरून वेग ३०० झाला तर तो वाढतो सव्वापटीच्या आसपास, ब्रेकांना गिळावी लागणारी ऊर्जा मात्र दीडपटीहून जास्त. शेवटी ब्रेक लागले तेव्हा धावपट्टी पुरेशी उरली नव्हती. विमान कुंपण तोडून ओहोळात गेलं आणि पेटलं.

दोन माणसं एकाच समस्येत डोकं घालून बसली की विमान चालवणारं कुणी उरत नाही. म्हणूनच काम वाटून दिलेलं असतं: एक उडवणारा, दुसरा लक्ष ठेवणारा. लक्ष ठेवणाऱ्यानं नुसतं बघायचं नसतं, बोलायचं असतं, आणि ऐकलं गेलं नाही तर ताबा घ्यायचा असतो. १९७८मध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान चाकांच्या बिघाडात गुंतलेल्या कॅप्टनच्या डोळ्यांदेखत इंधन संपून पडलं. दहा माणसं गेली. त्यानंतर कॉकपिटमधल्या आपसातल्या बोलण्याचंही प्रशिक्षण द्यायला हवं, हा विचार रुजला. क्रू रिसोर्स मॅनेजमेंट, तोंडी भाषेत सीआरएम, ते हेच.

नुसतं बोलणंही पुरत नाही, हे ओहायोत अ‍ॅक्रन इथं दिसलं. १० नोव्हेंबर २०१५ला एक हॉकर जेट उतरताना कोसळलं, विमानातले नऊही जण गेले. उडवत होता सहवैमानिक. वेग धोकादायकरीत्या घटत होता, कॅप्टन त्याला टोकतही होता. पण विमान हातात घेतलं नाही, की पुन्हा वर चढून नव्याने प्रयत्न केला नाही. शेवटी पंखांची उचल संपली. २०१७मध्ये न्यू जर्सीतल्या टेटरबरोला लिअरजेट पडलं, त्यातही तेच वळण. कंपनीच्या नियमानुसार ज्या सहवैमानिकाला विमान उडवायची परवानगीच नव्हती, तो उडवत होता आणि कॅप्टन शेजारून शिकवत होता. त्या विमानात फक्त ते दोघेच होते.

मोठ्या विमान कंपन्यांत जोड्या सतत बदलतात, उड्डाणांच्या नोंदी नियमित चाळल्या जातात, चुकणाऱ्याला बोलावून विचारलं जातं. दोन वैमानिक आणि एक विमान असलेल्या छोट्या खासगी व्यवस्थेत हे बघणार कोण? मालक मागे बसलेला असतो आणि त्याला वेळेवर पोहोचायचं असतं.

गंमत म्हणावी की दुर्दैव, चेकलिस्टचा जन्मच या कुलुपातून झाला. ३० ऑक्टोबर १९३५ला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवं बॉम्बर विमान उडालं आणि लगेच कोसळलं. चालवत होते मेजर प्लॉयर हिल, हवाई दलातले अनुभवी चाचणी वैमानिक. झडपा जखडणारं लॉक काढायचं राहून गेलं होतं. विमान एका माणसाच्या स्मरणशक्तीला झेपण्यापलीकडे गेलंय, हे ओळखून यादी करून वाचायची पद्धत पडली.

बेडफर्डनंतर एनटीएसबीच्या सांगण्यावरून बिझनेस विमानांच्या अमेरिकन संघटनेनं २०१३ ते २०१५मधल्या १,४३,७५६ उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. दांडा-पेडलची तपासणी १५.६२ टक्के उड्डाणांत अर्धवट होती आणि २.०३ टक्क्यांत झालीच नव्हती. बेडफर्डच्या त्या विमानातला रेकॉर्डरही १७५ उड्डाणं हेच टिपत होता. तो उघडून कुणी वाचला, तो अपघातानंतर.